नव्या गाडीत पावसाचं पाणी येतं, सर्व्हिस सेंटर म्हणतं वॉरंटीत बसत नाही. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की गाडी घेऊन चार महिने झाले, पाऊस पडला की पुढच्या डाव्या सीटसमोर पायाखाली पाणी साचतं, आणि सर्व्हिस सेंटरचा माणूस म्हणतो, ‘पाणी बाहेरून आलंय, वॉरंटीत बसत नाही.’ बाहेरूनच येणार ना! गाडीत काय विहीर खणलीय? हेच वाक्य मी बडोद्यात, गुजरातीत, दोनदा ऐकलंय. म्हणून रात्री साडेअकराला लिहायला बसलोय.

आमची गाडी 2024 च्या पाडव्याला, म्हणजे 9 एप्रिलला घरी आली. सनरूफवाली. सनरूफ हा मुलीचा हट्ट. बडोद्याच्या उन्हात छताला भोक पाडून घ्यायचं आणि वर त्याचे पैसे मोजायचे, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं. जुलैत पहिला दणदणीत पाऊस झाला आणि दोन दिवसांनी गाडीत ओल्या गोणपाटाचा वास यायला लागला. रबरी मॅट उचलून खालच्या कार्पेटवर अंगठा दाबला तर बुडबुडे आले. कार्पेटखाली फोमचा जाड थर असतो, तो पाणी पितो आणि सोडत नाही. वरून कोरडं दिसतं, खाली तळं.

सर्व्हिस सेंटरला नेली. अॅडव्हायझर मुलगा गोड बोलणारा. म्हणाला, एसीचा ड्रेन तुंबला असेल, साहेब, कॉमन आहे. ते खोटं नाही. एसीचं पाणी ज्या नळीतून खाली पडतं ती तुंबली की ते डाव्या पायाखाली येतं. पण मग ते पाऊस नसतानाही येईल आणि एसी बंद ठेवला की थांबेल. माझं उलट होतं, आणि मी ते सांगितलंही. त्याने मान हलवली, टॅबवर काहीतरी टाइप केलं, मी बोटाने सही केली. संध्याकाळी गाडी मिळाली, केबिन फिल्टर बदललेला (त्याचे पैसे घेतले) आणि आत मोगऱ्याचा वास मारलेला.

ती सही ही माझी पहिली घोडचूक. का ते पुढे येतंय.

ऑगस्टच्या मध्यावर एक गंमत झाली. खंडेराव मार्केटमधून आणलेली मटकीची पुडी कधीतरी गाडीत फुटली होती आणि चार-सहा दाणे मॅटखाली गेले होते. मी मॅट उचलली तर त्यांना बोटभर मोड आलेले. आमची ही म्हणाली, ‘मी फडक्यात बांधून ठेवते तर इतके चांगले येत नाहीत.’ मी हसलो नाही. त्या गाडीचे हप्ते अजून फिटायचे होते.

24 ऑगस्टला आम्ही नाशिकला सासुरवाडीला गेलो, गाडी घेऊन. आणि 26 पासून बडोद्यात जे झालं ते तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी 25 फूट, ती गेली 35 च्या वर. आम्ही समा भागात राहतो. सोसायटीच्या पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या, शेजाऱ्यांनी गच्चीवरून फोटो पाठवले. मगरी रस्त्यावर आल्या, त्याच्या बातम्या नाशिकच्या मेव्हण्याने आम्हाला वाचून दाखवल्या. आमची गाडी तेवढे दिवस नाशिकला कोरड्या शेडमध्ये उभी. 1 सप्टेंबरला परत आलो.

गणपती उठल्यावर पुन्हा सर्व्हिस सेंटर गाठलं, कारण आता बुरशी धरली होती आणि एअरबॅगचा दिवा अधूनमधून लागत होता. (सीटखाली पिवळे कनेक्टर असतात, ते ओले झाले की हे होतं. दिवा लागला की वाट बघत बसू नका, लगेच दाखवा.) आवारात चिखलाने माखलेल्या पन्नासेक गाड्या. त्याच मुलाने मॅट उचलली, वास घेतला आणि म्हणाला, ‘साहेब, आ तो पूरनुं पाणी छे. क्लेम करी नाखो ने, पती जशे.’ म्हणजे हे पुराचं पाणी, विम्याचा क्लेम टाका, काम होऊन जाईल.

मी म्हटलं, अरे बाबा, जुलैत तुझ्याकडेच आलो होतो. त्याने जुनं जॉब कार्ड, म्हणजे तक्रार नोंदवलेला कागद, काढलं. त्यावर माझी तक्रार म्हणून लिहिलं होतं: ‘एसी स्मेल’. पाणी हा शब्दच नाही. खाली माझी सही.

म्हणून सांगतो, जॉब कार्डावर तक्रार तुमच्या शब्दांत, तारखेसकट लिहून घ्या. ‘पाऊस पडल्यावर पुढच्या डाव्या बाजूला कार्पेटखाली पाणी साचतं, एसी बंद असतानाही.’ एवढं वाक्य. तो म्हणेल की सिस्टिममध्ये असा कोडच नाही. मग काउंटरवरच उभं राहून तेच वाक्य कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल करा आणि त्याला दाखवा. प्रत्येक फेरीचं कार्ड जपा. एकच तक्रार तीन कार्डांवर आली की तिला वजन येतं. तीन वेगवेगळ्या शब्दांत आली की ती त्यांच्या लेखी तीन किरकोळ तक्रारी होतात.

आता आमचे साडू. ते बडोद्यातच, अकोटा भागात राहतात. त्यांची गाडी खरोखर बुडाली, त्यांनी क्लेम केला, त्यांना मिळाला, उत्तम झालं. पण दिवाळीच्या फराळाला बसलो असताना चकली मोडत म्हणाले, ‘तुम्हीपण तेव्हाच क्लेम टाकला असता तर काम झालं असतं. सगळं गाव टाकत होतं, कोण बघतंय? तुम्हाला भांडायची हौस.’ तेव्हापासून दर समारंभात हे ऐकतोय, तर आज इथे एकदाच लिहून टाकतो.

एक, माझी गाडी पुरात नव्हती. क्लेम फॉर्मवर पुराचं पाणी लिहून सही करणं म्हणजे खोटं लिहून देणं. हौस-बिऊस नंतर. दोन, जुन्या गाडीचा 50 टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, मी नव्या गाडीवर आणला होता. तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो. एक क्लेम केला की पुढच्या नूतनीकरणाला तो शून्यावर, आणि मग 20, 25, 35, 45 असं करत पुन्हा 50 ला पोचायला पाच वर्षं. तीन, गाडीच्या इतिहासात पूर लागला की विकताना प्रत्येक दलाल तोंड वाकडं करतो. आणि चार, जे साडूंना आजतागायत समजलेलं नाही: विम्याने कार्पेट नवं मिळालं असतं, गळती तीच राहिली असती. पुढच्या पावसात पुन्हा मटकी.

आता गळती कशी सापडली ते. बडोद्याच्या पाणीगेट भागात एक म्हातारे मेकॅनिक आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. (पाणी कुठून येतं ते शोधायला पाणीगेटला जावं लागलं, हा विनोद मी सोडून सगळ्यांनी करून झालाय.) चाचांनी आधी पाइप मारला नाही. सनरूफ उघडायला लावलं आणि स्टीलचा पेला भरून घेतला. सनरूफच्या चौकटीला पन्हळ असते आणि तिच्या कोपऱ्यांना बारीक भोकं. त्यांतून पेन्सिलीएवढ्या जाड नळ्या खांबांच्या आतून खाली उतरतात आणि पाणी गाडीखाली सोडतात. म्हणजे सनरूफमध्ये थोडं पाणी शिरणारच, ते धरूनच ते बनवलेलं असतं. चाचांनी उजव्या पुढच्या कोपऱ्यात पेला ओतला. दहा-बारा सेकंदांत पुढच्या चाकामागे धार पडली. डाव्या कोपऱ्यात ओतला. खाली काहीच नाही. दुसरा पेला ओतला. तरी नाही. मग त्यांनी डॅशबोर्डच्या डाव्या टोकाला आणि खालच्या पत्र्यावर टाल्कम पावडर भुरभुरवली, मला टॉर्च घेऊन आत बसवलं आणि तिसरा पेला ओतला. पावडरीतून एक करडी रेघ खाली उतरत आली, मुंगीच्या चालीने, आणि कार्पेटच्या कडेखाली गेली.

दाराचं रबर थोडं सैल करून खांबाच्या कव्हरमागे टॉर्च मारला. नळी आपल्या तोटीवरून निसटलेली आणि तिच्याशेजारून एक काळी वायर, प्लॅस्टिकच्या पट्टीने तिलाच बांधलेली. पट्टी ओढली गेली तशी नळी सुटली. चाचा म्हणाले, ‘आमां कोईए हाथ नाख्यो छे.’

हात कोणी घातला होता? ती वायर डॅशकॅमची, म्हणजे पुढचा रस्ता टिपणाऱ्या कॅमेऱ्याची. आणि डॅशकॅम मी बाहेर बसवला नव्हता. डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी त्याच शोरूमने, त्यांच्याच अॅक्सेसरीच्या बिलावर बसवून दिला होता. ते बिल माझ्या फाइलमध्ये होतं. त्या क्षणी जो आनंद झाला तो गाडी घेतानाही झाला नव्हता.

मॅनेजरसमोर बसलो तेव्हा माझ्याकडे चार गोष्टी होत्या, तीन फाइलमध्ये. पेल्याचा व्हिडिओ, नंबर प्लेटपासून पावडरीच्या रेघेपर्यंत, मध्ये न तोडता काढलेला. अॅक्सेसरीचं बिल. फास्टॅगचं स्टेटमेंट, त्यात 24 ऑगस्टला करजणजवळचा भरथाणा टोल आणि 1 सप्टेंबरला परतीचा भरथाणा. आणि चौथी गोष्ट फाइलमध्ये नव्हती, गाडीत होती: मी त्याला खाली नेलं आणि सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून दाखवला. पुरात बुडालेल्या गाडीचा पट्टा आतल्या बाजूला गाळाची रेघ दाखवतो, स्टेपनीच्या खड्ड्यात कोपऱ्याकोपऱ्यात माती असते. माझा पट्टा शोरूममधून आला तसा स्वच्छ. तो काही बोलला नाही. चहा मागवला.

तरीही काम झालं नाही, हे लक्षात ठेवा. ‘कंपनीला विचारतो’ यात दीड महिना गेला. शेवटी मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार नोंदवली आणि डीलर व कंपनी दोघांना एकाच ईमेलमध्ये धरून कळवलं की पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. नवव्या दिवशी फोन आला. नळी बसवली, वायर दुसरीकडून नेली, फोमसकट कार्पेट नवं टाकलं, सीटखालचं वायरिंग बदललं. बिल शून्य. पण कार्डावर काय लिहावं? ‘गुडविल’. म्हणजे चूक आमची नाही, साहेबांवर मेहेरबानी केली. मी अर्धा तास भांडून खाली ‘सनरूफ ड्रेन नळी निसटलेली आढळली, बसवली’ एवढं लिहून घेतलं. ‘गुडविल’ मात्र तसाच राहिला, आणि तो मला अजून खुपतो.

तुमच्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर. गाडी बदलून मिळेल का? बहुतेक नाही. 2006 साली सुप्रीम कोर्टाने मारुतीच्या एका खटल्यात म्हटलंय की वॉरंटीची जबाबदारी सदोष भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची आहे, त्यासाठी अख्खी गाडी बदलून देण्याची नाही. वारंवार दुरुस्ती करूनही दोष जात नसेल तर गोष्ट वेगळी, पण नळी निसटली म्हणून नवी गाडी मागू नका, हसं होईल. आयोगात जायची वेळ आलीच तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. 50 लाखांपर्यंत किंमत मोजली असेल तर जिल्हा आयोग, आणि 10 ते 20 लाखांच्या गाडीला फी 400 रुपये. वकील सक्तीचा नाही, तक्रार ऑनलाइनही करता येते. डीलर आणि कंपनी दोघांनाही सामनेवाले करा, नाहीतर ते एकमेकांकडे बोट दाखवत बसतात.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. आम्ही पाणीगेटला खांबाचं कव्हर सैल केलं ते खरं तर चुकलंच. बऱ्याच गाड्यांत तिथूनच पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग जाते, आणि सर्व्हिस सेंटरला ‘तुम्ही बाहेर उघडलंत’ म्हणायला आयतं कारण मिळतं. माझ्या मॅनेजरच्या ते लक्षात आलं नाही, तुमच्याच्या येईल. पेल्याची परीक्षा घरी करा, कव्हर त्यांच्याकडे, स्वतः समोर उभं राहून उघडून घ्या. नळीत तार खुपसू नका, कॉम्प्रेसरची हवाही मारू देऊ नका, चांगली नळी त्याने सुटते. आणि ‘कार्पेट उन्हात सुकवून देतो’ याला हो म्हणू नका. सीट काढून फोम बाहेर आल्याशिवाय ते सुकत नाही.

आणि हो, तुमच्या गाडीला सनरूफ आहे की नाही ते तुम्ही लिहिलंच नाहीत. नसेल तर वरचं अर्धं उत्तर सोडून द्या, आणि आधी बॉनेट उघडून पुढच्या काचेखालची जाळी बघा. गाडी कडुनिंबाखाली लावत असाल तर तिथे मूठभर पाला निघेल, आणि तो साचला की पाणी ब्लोअरच्या वाटेने आत येतं. तो काढून दोन पाऊस जाऊ द्या, मग काय झालं ते इथेच कळवा.