साडेआठाव्या वर्षी छातीत गाठ, हे हवेमुळे का?

प्रश्न : माझी मुलगी साडेआठ वर्षांची आहे. महिनाभर झाला, छातीत एकाच बाजूला बारीक गाठ लागते, धक्का लागला की दुखतं म्हणते. मला स्वतःला तेराव्या वर्षी पाळी आली होती. आमची बिल्डिंग अगदी मोठ्या रस्त्याला चिकटून, रात्रंदिवस ट्रक. प्रदूषणामुळे मुलींना पाळी लवकर येते असं वाचलं आणि तेव्हापासून झोप उडालीय. घर बदलायचं का? – एक आई

उत्तर : ताई, आधी त्या गाठीचं बोलू. वयात यायची ही सगळ्यात पहिली खूण, आणि ती बऱ्याचदा एकाच बाजूला सुरू होते, दुसरी बाजू मागून येते, त्यामुळे घाबरू नका. ८ ते १३ या वयात हे कधीही सुरू झालं तरी नॉर्मल धरतात, म्हणजे तुमची लेक जरा लवकरच्या टोकाला आहे एवढंच. पाळी यानंतर साधारण दोन-अडीच वर्षांनी येते, लवकर सुरुवात झालेल्या मुलींना कधी कधी आणखी वेळ लागतो.

आता हवेचं. तुम्ही वाचलंत ते उगाच नाही. अमेरिकेत ५,२०१ मुलींचा अभ्यास २०२३ मध्ये छापून आला, त्यात आई गरोदर असल्यापासून लहानपणापर्यंत हवेत पीएम २.५ (म्हणजे धुरा-धुळीतले अगदी बारीक कण) किती होतं ते पाहिलं, आणि ते दर घनमीटर हवेमागे सरासरी ४ मायक्रोग्रॅमने जास्त असेल तर लवकर पाळी येण्याची शक्यता साधारण ३ टक्क्यांनी वाढलेली दिसली. हे कण इतके बारीक की फुप्फुसातून रक्तात उतरतात आणि त्यांच्यावर धुरातली अशी रसायनं आणि धातू चिकटलेले असतात जे शरीरातल्या हार्मोन्सच्या कामात लुडबुड करू शकतात, असा संशोधकांचा अंदाज आहे. पण सगळ्या अभ्यासांत असंच दिसलंय असं नाही, आणि ३ टक्के हा आकडा हजारो मुलींचा हिशोब केल्यावर दिसणारा, त्यावरून एका मुलीचं कारण सांगता येत नाही. एकट्या मुलीच्या बाबतीत आईकडचा वारसा आणि वजन यांचा वाटा मोठा असतो. वजनाचं तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, तेही बघा. (आणि प्लीज, तिच्यासमोर जाडी-बारीक काढू नका.)

त्यामुळे फक्त पाळीच्या भीतीने घर बदलू नका. दमा, खोकला यासाठी रस्त्याचा धूर वाईटच, म्हणून ट्रॅफिकच्या वेळी त्या बाजूच्या खिडक्या बंद ठेवा, तिचा पलंग मागच्या खोलीत हलवा, आणि घरात कोणी सिगारेट ओढत असेल तर ती आधी थांबवा, तो धूर तर थेट नाकाशीच.

मुलांच्या डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या. ते उंची-वजनाचा चार्ट बघतील, गरज वाटली तर डाव्या हाताचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतील आणि हार्मोन्सची रक्ततपासणी सांगतील. उंची अचानक झपाट्याने वाढायला लागली, गाठ सहा महिन्यांत भराभर वाढली किंवा रक्त दिसलं तर मात्र थांबायचं नाही, लगेच जायचं.

आणि लेकीला आत्ताच सांगून ठेवा, पाळी म्हणजे काय, पॅड कसं लावायचं, शाळेत आली तर कोणाला सांगायचं. दोन वर्षं आहेत म्हणून पुढे ढकलू नका, वर्गातल्या एखादीला त्याआधीही येऊ शकते आणि मग तिची अर्धवट माहिती तुमच्या आधी पोचते.