नाचणीच्या बिस्किटांवर काम सुरू करण्याआधी

नाचणीची ग्लुटेन-फ्री (म्हणजे गव्हातलं ग्लुटेन हे प्रथिन नसलेली) बिस्किटं आणि त्यांतले पॉलिफेनॉल (वनस्पतींतली ऑक्सिडीकरण रोखणारी संयुगं), हा विषय छान निवडलास, पण सुरुवात प्रयोगशाळेत नको, गिरणीत कर. त्याच जात्यावर आधी गहू दळला असेल तर तुझं ‘ग्लुटेन-फ्री’ तिथेच संपलं. मर्यादा किलोला 20 मिलिग्रॅम ग्लुटेनची. गव्हाचं चिमूटभर पीठही ती ओलांडायला पुरतं. नाचणी स्वतः निवड आणि वेगळ्या घरघंटीवर दळ. कोंडा मात्र चाळून टाकू नकोस, पॉलिफेनॉल मुख्यतः सालीतच असतात.

आता फोलिन-चोकाल्त्यू चाचणी, म्हणजे एकूण पॉलिफेनॉल मोजण्याची. निळा रंग गडद आला की सगळे खूश होतात, पण तो रंग क जीवनसत्त्वानेही येतो, गुळातल्या काही घटकांनीही. म्हणून तीच कृती तांदळाच्या पिठाची करून भाज आणि दोन्ही आकडे शेजारी मांड. हे न करता छापलेल्या तक्त्यांवर माझा तरी विश्वास बसत नाही.

आणखी एक. सीलिएकच्या (ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणाऱ्या आजाराच्या) रुग्णांत लोहाची कमतरता बरीच आढळते, आणि नाचणीतले टॅनिन (हेही पॉलिफेनॉलच) व फायटेट लोहाला धरून ठेवतात, मग ते शरीरात कमी शोषलं जातं. ‘पॉलिफेनॉल जास्त’ म्हणजे लगेच चांगलं, असं लिहू नकोस. मोड आणलेल्या नाचणीचा एक नमुना ठेव. त्यात फायटेट कमी होतं.

चव बघायला बाहेरची माणसं बोलाव. प्रकल्पाचे गाइड नेहमी ‘छान’च म्हणतात.