सरकारी कंत्राट आणि तुमची बौद्धिक संपदा

प्रश्न : आम्ही एका महापालिकेसाठी करवसुलीचे सॉफ्टवेअर केले. कार्यादेशात कॉपीराइटचा उल्लेखच नाही. मग तो आमच्याकडेच राहिला ना?

उत्तर : असे गृहीत धरू नका. खासगी ग्राहकाच्या बाबतीत, करारात काही लिहिलेले नसेल, तर कॉपीराइट सहसा सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या कंपनीकडेच राहतो. मात्र कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम १७ नुसार शासनाच्या किंवा सार्वजनिक उपक्रमाच्या निर्देशाखाली अथवा नियंत्रणाखाली झालेल्या कृतीची पहिली मालकी, विरुद्ध करार नसल्यास, त्यांचीच ठरते. आणि राज्याच्या कायद्याने स्थापन झालेली निगम संस्था या नात्याने महापालिकाही त्या व्याख्येत बसते. अंतिम देयक अजून निघायचे असेल, तर आताच पूरक करारनाम्याचा आग्रह धरा. पुढच्या वेळी हा मुद्दा निविदापूर्व बैठकीत लेखी मांडा आणि त्याचे उत्तर शुद्धिपत्रकातच (निविदेतील अधिकृत लेखी दुरुस्तीतच) मागा, कारण तोंडी आश्वासन देणाऱ्या अधिकाऱ्याची बदली झाली की हातात काहीच उरत नाही.

प्रश्न : त्यात आमचे जुने पावती-मोड्यूल वापरले आहे. तेही गेले का?

उत्तर : नाही. ते या कामाच्या आधीचे आहे, आणि त्याचे हक्क दुसऱ्याकडे जाण्यासाठी कलम १९ नुसार तुमच्या सहीचा लेखी दस्त लागतो. धोका आहे तो निविदेतल्या 'पुरविलेले सर्व साहित्य विभागाच्या मालकीचे राहील' अशा छापील ओळीत, कारण त्याखाली तुम्ही केलेली सही हाच तो दस्त असल्याचा दावा होऊ शकतो. म्हणून करारनाम्याला परिशिष्ट जोडून मोड्यूलचे नाव, आवृत्ती व तयार झाल्याची तारीख लिहा, आणि मालकी तुमची, विभागाला केवळ कायमस्वरूपी वापराचा परवाना, असे स्पष्ट नोंदवा. सोर्स कोड (सॉफ्टवेअरची मूळ आज्ञावली) मात्र अडवून धरू नका. तो दिल्याने मालकी जात नाही, आणि करदात्यांच्या पैशातून उभी राहिलेली यंत्रणा एकाच पुरवठादाराच्या मर्जीवर चालावी, हे मला मुळीच पटत नाही.

प्रश्न : शासकीय रुग्णालयात आमच्या नव्या उपकरणाचे प्रात्यक्षिक आहे. पेटंटचा अर्ज नंतर केला तर चालेल का?

उत्तर : आधी अर्ज करा. एखादा शोध तपासणीसाठी केवळ शासनाला कळवल्याने पेटंटसाठी लागणारे त्याचे नावीन्य जात नाही, असे पेटंट अधिनियम, १९७० चे कलम ३० सांगते. परंतु त्याच खोलीत इतर निविदाकार बसलेले असतील, तर या संरक्षणावर विसंबणे धोक्याचे आहे. प्रोव्हिजनल (तात्पुरत्या तपशिलाचा) अर्ज लवकर तयार होतो आणि पूर्ण तपशील देण्यास १२ महिने मिळतात.