सर्क्युलर आरएनएवरून रक्तातच कॅन्सर कळतो का? मग बायोप्सी थांबवावी का?

वडिलांच्या तोंडातली जखम तीन आठवडे भरत नाही आणि डॉक्टरांनी बायोप्सी सांगितली आहे, असं तुम्ही लिहिलंय. थांबू नका, बायोप्सी करून घ्या. कॅन्सरचं निदान आजही त्यावरच पक्कं होतं.

आता सर्क्युलर आरएनएबद्दल. आरएनए ही अक्षरांसारख्या घटकांची साखळी असते आणि पेशीत जनुकाची प्रत याच रूपात निघते; सर्क्युलर म्हणजे कड्यासारखा आरएनए. मी मालवणजवळ जीवशास्त्र शिकवते. हा विषय आला की वर्गात काथ्याचा सुंभ घेऊन जाते. सुंभाचा पीळ सुटतो तो टोकाकडून. साध्या आरएनएचंही तसंच, पेशीतली विकरं त्याला टोकांपासून कुरतडतात. जनुकाची प्रत तयार होताना मधले तुकडे कापून उरलेले जोडले जातात. त्यात कधी पुढच्या तुकड्याचं शेपूट उलट मागच्या तुकड्याच्या तोंडाला जोडलं जातं आणि कडं तयार होतं. कड्याला टोकच नाही, मग कुरतडणार कुठून? म्हणून ही कडी जास्त टिकतात, रक्तात आणि लाळेतही सापडतात. तपासणीची आशा निर्माण झाली ती यामुळेच.

असं कडं नुकसानही करू शकतं. फिलिपिन्समध्ये कोट्यवधी माड ज्या कडांग-कडांग रोगाने गेले, त्याचं कारण जेमतेम २४६ अक्षरांचं आरएनएचं एक कडं आहे. माडांखाली वाढलेली माझी मुलं हे ऐकून गप्पच होतात.

माणसाच्या पेशीतली कडी मात्र बरीच वर्षं जोडणीतली चूक म्हणून बाजूला पडली होती. २०१३ मध्ये मेंदूतल्या एका कड्यावर मायक्रोआरएनए-७ या जनुकांना आवर घालणाऱ्या छोट्या आरएनएला धरून ठेवणाऱ्या ७० हून जास्त जागा सापडल्या. २०१७ मध्ये उंदरांतून ते कडंच काढून टाकलं. मोठ्या आवाजाआधी हलका आवाज ऐकवला की एरवी दचकणं कमी होतं. या उंदरांत ते हवं तितकं कमी होईना. म्हणजे हे कडं काम करत होतं. पण एका कड्यावर इतक्या जागा असणं दुर्मीळ आहे, त्यामुळे प्रत्येक कड्याला मायक्रोआरएनए धरून ठेवण्याचं काम चिकटवणं मला पटत नाही.

कॅन्सरच्या गाठींत काही कडी वाढलेली, काही घटलेली दिसतात. हा बदल रोगाचं कारण आहे की परिणाम, हे प्रत्येक कड्यासाठी वेगळं सिद्ध करावं लागतं. नेहमीच्या तपासण्यांत त्यांना अजून जागा मिळालेली नाही.

वडील तंबाखू खात किंवा मिश्री लावत असतील, तर डॉक्टरांना तेही सांगा.