थेंब नकोत, ऑडिओमेट्री मागा

ताई, तुमचा लेक ढोल-ताशा पथकात ताशावर आहे, सरावाहून आला की रात्रभर कानात शिट्टी वाजते आणि प्रत्येक वाक्याला "काय?" विचारतो, हे वाचलं आणि आमच्याच घरातलं वाटलं. माझा मुलगाही पुण्यातल्या पथकात, ताशावरच. मी डॉक्टर नाही, आमच्यावर गुदरलं तेवढंच सांगतो.

हेडफोनचा आवाज कमी ठेवा वगैरे तुम्हाला ठाऊक असेलच. आम्हाला महागात पडला तो एक दवाखाना. नाव घेत नाही. विसर्जन होऊन गेलं तरी शिट्टी थांबेना म्हणून त्याला नेलं. कानात बॅटरी मारली, "पडदा छान आहे", मळ काढला, थेंब लिहून दिले. ऐकू येण्याची तपासणी, म्हणजे ऑडिओमेट्री, करा म्हटलं, तर मशीन आहे पण ते चालवणारा रजेवर. परत गेलो, तरी तेच. अहो, आवाजाने पडद्याला सहसा काही होत नाही, मार बसतो आतल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशींना, आणि त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. बॅटरीने त्या दिसणार कशा? शेवटी दुसरीकडे ऑडिओग्राम, म्हणजे त्या तपासणीचा आलेख, काढला, ४००० हर्ट्झला सरळ खड्डा, म्हणजे त्या उंच पट्टीचं ऐकणं कमी झालेलं. लवकर कळलं असतं तर फरक पडला असता का, हे नव्या डॉक्टरांनीही छातीठोकपणे सांगितलं नाही. पण ऐकू येणं अचानक कमी झालं तर स्टेरॉइड पहिल्या काही दिवसांतच द्यावं लागतं. तेच दिवस थेंब घालण्यात गेले, राग त्याचा आहे.

पथक सोडायला लावू नका, ऐकणार नाही. प्लग घालायला लावा. कापसाचे बोळे म्हणजे मनाचं समाधान. फोमचा प्लग बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढायचा, आत सरकवून फुगेपर्यंत धरायचा. नुसता टेकवला तर उपयोग शून्य. ठेका कळत नाही अशी कुरकुर केली तर वादकांसाठीचे वेगळे प्लग मिळतात, महाग आहेत.

हिशोब असा: ८५ डेसिबल ८ तास चालतात, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. १०० ला १५ मिनिटं उरतात. ताशाशेजारी सराव किती तास चालतो ते तुम्हीच बघा, आणि पुलाखाली असेल तर आवाज घुमतो तो वेगळाच. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतले ५५ डेसिबल वस्तीसाठी आहेत, वाजवणाऱ्या पोराच्या कानाचा त्यात विचारच नाही. माझं वैयक्तिक मत, पथकांनी कुर्त्याआधी प्लग वाटावेत. हे बोललो की लोक "इतकी वर्षं वाजवतोय, काय झालं?" म्हणतात, तेही ओरडून.

तुम्ही मात्र उद्याच जा. ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ही तपासणी करणारा, हजर आहे का ते आधी फोन करून विचारा, आणि आलेखाची प्रत घेतल्याशिवाय निघू नका. पुढच्या वर्षी सराव सुरू व्हायच्या आधी तुलनेला लागेल.