रात्री तीनचा टॉर्च

"मॅडम, मीच त्याला मारतोय का?"

समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसता बसता त्यांनी हे विचारलं. चाळिशीतले गृहस्थ, हिशेबाच्या कामातले. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) आले होते झोप लागत नाही म्हणून. कारण विचारल्यावर मोबाइल पुढे केला. माशांच्या टाकीच्या मागच्या काचेला चिकटलेला, आक्रसून लिंबाएवढा झालेला तपकिरी गोळा. बबल टिप अ‍ॅनिमोन, म्हणजे समुद्रफूल, फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी. मित्राच्या टँकमध्ये एकाचे दोन झाले, त्यातला एक यांनी पाच दिवसांपूर्वी घरी आणलेला.

माझ्याही घरी खाऱ्या पाण्याचा टँक आहे, म्हणून गोळ्याचं नवल वाटलं नाही. आणण्याची पद्धतही बिनचूक होती. टँक वर्षभर मुरलेला. मित्राकडची क्षारता (पाण्याचा खारेपणा) १.०२२, यांची १.०२६, म्हणून आधी पिशवी पाण्यावर तरंगवून तापमान सारखं केलं, मग बारीक नळीला गाठ मारून दीड तास थेंब थेंब पाणी सोडलं. चूक झाली ती त्यानंतर. पहिल्या रात्री अ‍ॅनिमोन दगडावरून सरकला. यांनी उचलून परत ठेवला. असं चार वेळा. मग कोळंबीचा तुकडा भरवला, तो त्याने थुंकला. मग कसलंसं औषध. आणि दर तासाला टॉर्च.

"अहो, बाळ घरात आलं तेव्हाही हे इतके उठले नव्हते," सोबत आलेल्या पत्नी म्हणाल्या. त्यावर ते हसले नाहीत.

समुपदेशकाने थेट सल्ला देऊ नये असं शिकवतात. मी दिला. अ‍ॅनिमोन चालतो, कारण पाय रोवायला त्याला फट हवी असते आणि तोंडाकडच्या चकतीला उजेड. जागा तो स्वतः शोधतो. ओढून काढलं की पाय फाटतो, आणि ती जखम आक्रसण्यापेक्षा कितीतरी वाईट. आक्रसणं म्हणजे बहुतेक वेळा आतलं जुनं पाणी आणि घाण बाहेर टाकणं. काही तासांनी तो पुन्हा फुगतो.

पण त्यांची भीती अगदीच पोकळ नव्हती. चालता चालता तो वेव्हमेकरमध्ये, म्हणजे पाणी ढवळणाऱ्या पंपात, ओढला गेला तर चिंधड्या होतात. मेला आणि तसाच राहिला तर अमोनिया वाढून सगळा टँक जातो. म्हणून कधी हात घालायचा ते लिहूनच काढलं: तोंड उघडं पडून आतलं बाहेर आलं, अंग विरघळून दुर्गंधी सुटली, किंवा तो पंपाजवळ पोचला, तरच. पंपावर स्पंज बसवायचा. दिवे निम्म्यावर, दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवायचे. पहिला आठवडा खाणं बंद. बघायचं फक्त सकाळी आठला आणि रात्री नऊला. वहीत तीनच नोंदी: पाय कुठे, तोंड मिटलेलं की उघडं, क्षारता किती. मधे बघावंसं वाटलं तर वाटू द्यायचं, उठायचं नाही. खरा गृहपाठ तोच होता, आणि पहिल्या दोन रात्री तो त्यांना जमला नाही. तिसऱ्या रात्री टॉर्च पत्नीने उशीखाली ठेवला.

पुढच्या भेटीला वही घेऊन आले. अ‍ॅनिमोन दगडामागच्या फटीत बसला होता, छान फुगलेला, पण सोफ्यावरून अजिबात न दिसणारा. याचा त्यांना चक्क राग आला होता.

"आणि मॅडम, क्लाउनफिश म्हणे समुद्रफुलात राहतात, पण माझे त्याच्याकडे फिरकतसुद्धा नाहीत."

त्यांच्याकडची जोडी ऑसेलारिस या क्लाउनफिशच्या जातीची. समुद्रात ती या जातीच्या अ‍ॅनिमोनमध्ये राहत नाही. टँकमध्ये कधी जाते, कधी वर्ष काढते, कधी जातच नाही. तसं सांगितलं.

"मग वहीत चौथी नोंद करू का?"

"नको," मी म्हटलं. "झोप किती लागतेय?"

"सहा तास," ते म्हणाले, आणि फटीतल्या अ‍ॅनिमोनचा फोटो दाखवायला मोबाइल काढला.