हिरव्या रंगाखालचे काळे इंजिन

प्रश्न: मी मूळचा पुण्याचा, गेली ३१ वर्षे लंडनजवळ हॅरोत राहतो. निवृत्तीनंतर जुन्या हॉर्नबी डब्लो खेळगाड्या जमवण्याचा नाद लागला. फेब्रुवारीत मिडलँड्समधल्या एका लिलावात घरबसल्या इंटरनेटवरून बोली लावून ०-६-२ चाकांचे (मध्ये सहा, मागे दोन) एक टँक इंजिन (पाणी स्वतःवरच वाहणारे) ४२० पौंडांना घेतले. कमिशन, व्हॅट, इंटरनेट-बोलीची फी आणि टपाल धरून ५८५ पौंड गेले. कॅटलॉगात लिहिले होते, ‘सदर्न रेल्वेचा हिरवा रंग, उत्तम स्थिती, मूळ खोक्यात.’ आधी ईमेलने विचारले तेव्हा ‘रंग मूळचाच वाटतो’ असे उत्तर आले. सात आठवड्यांनी क्लबातल्या एका जाणकारांनी स्क्रू काढून दाखवला, तर आत काळा रंग! मुळातले एलएमएसचे (लंडन, मिडलँड अँड स्कॉटिश रेल्वेचे) काळे इंजिन कुणीतरी हिरवे रंगवले आहे. अतिनील टॉर्चखाली खोकाही निळसर चमकला, म्हणजे तोही नव्याने छापलेला. त्यांच्या मते याचे ६०-७० पौंड येतील. लिलावगृह म्हणते, ‘आहे तसे’ विकले, परत घेणार नाही. मी मधल्या काळात मोटरचे मॅग्नेट नव्याने चुंबकित करून घेतले आहे. शेवटी बोलीत आम्ही दोघेच उरलो होतो, समोरचा खरा होता का अशीही शंका येते. पैसे परत मिळतील का? नाहीतर दुसऱ्या एखाद्या लिलावात गुपचूप काढून टाकू का?

उत्तर: तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण आज तुम्ही फसवले गेलेले आहात आणि त्या वाक्याप्रमाणे वागलात तर उद्या फसवणारे व्हाल. फेब्रुवारीत हे इंजिन तुमच्याकडे देणाऱ्याला कदाचित खरे ठाऊकही नसेल. तुम्हाला मात्र आता ठाऊक आहे. ते माहीत असताना ‘सदर्न हिरवा, मूळ खोका’ म्हणून लिलावाला दिले, तर इंग्लंडच्या २००६ च्या फसवणूकविरोधी कायद्याखाली तो खोट्या निवेदनाचा गुन्हा होतो, आणि त्याची कमाल शिक्षा १० वर्षांची आहे. ६५ पौंडांच्या इंजिनापायी तुम्हाला कुणी १० वर्षे आत टाकणार नाही हे खरे, पण नवा खरेदीदार तुमच्याकडे आला तर तुमच्याजवळ उत्तर नसेल. विकायचेच असेल तर ‘पुन्हा रंगवलेले, खोका नक्कल’ असे लिहून विका. आणि तेही आत्ता नको. आत्ता ते इंजिन पुरावा आहे.

आता पैशांकडे वळू. इथे पहिला धक्का बसेल, म्हणून आधीच सांगते. दुकानातून किंवा साध्या ऑनलाइन विक्रीतून माल घेतला की आपण ‘ग्राहक’ असतो, ३० दिवसांत सदोष माल परत करता येतो, घरपोच मागवलेला असेल तर १४ दिवसांत कारण न देता रद्दही करता येतो. तुम्ही बहुधा हेच डोक्यात धरून बसला आहात. पण २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यात एक छोटे कलम आहे: वापरलेली वस्तू सार्वजनिक लिलावात विकली गेली आणि लोकांना तिथे प्रत्यक्ष हजर राहण्याची सोय होती, तर त्या विक्रीपुरता खरेदीदार ग्राहक धरला जात नाही. तुम्ही हॅरोतल्या खुर्चीत बसून बोली लावलीत याने फरक पडत नाही. दालन उघडे होते का, एवढेच पाहिले जाते, आणि तुमच्या कॅटलॉगात पाहणीचा दिवस आणि दालनाचा पत्ता दोन्ही छापले आहेत. १४ दिवसांचा हक्कही अशा लिलावाला लागू नाही. (हाच लिलाव फक्त इंटरनेटवर, घड्याळ लावून, दालनाशिवाय झाला असता आणि विकणारा व्यापारी असता, तर मी तुम्हाला अगदी वेगळे उत्तर लिहिले असते. पुढच्या वेळी बोली लावण्याआधी हे बघा.)

म्हणून आपण जुन्या वाटेने जायचे, १९७९ च्या माल विक्री कायद्याने. त्यातली एक गोष्ट लोकांच्या लक्षात राहत नाही. मालाचा दर्जा समाधानकारक असावा ही हमी फक्त धंदा म्हणून विकणाऱ्याकडून मिळते. माळ्यावरच्या पेटीतून वडिलांच्या गाड्या काढून विकणाऱ्या माणसाकडून ती मिळत नाही. पण माल वर्णनाबरहुकूम असावा ही अट प्रत्येक विक्रेत्याला बांधते, तो व्यापारी असो की माळ्यावाला. इंजिन धावत नाही, चाक डुगडुगते अशी तुमची तक्रार असती तर मी तुम्हाला गप्प बसायला सांगितले असते. तुमची तक्रार मात्र सरळ वर्णनाची आहे.

म्हणून कॅटलॉग समोर ठेवून एकेक शब्द वाचू. ‘मूळ खोक्यात’ हे ठाम विधान आहे आणि ते चूक आहे. चकाकी आणणारी रसायने कागदात सर्रास आली ती साधारण १९५० नंतर. खोका त्याआधीचा म्हणून विकला गेला असेल आणि अतिनील प्रकाशात निळा चमकत असेल तर तो तुमच्या बाजूने साक्ष देतो. खोक्याचा मुद्दा तुमचा भक्कम आहे. रंगाचे तसे नाही. ‘सदर्न रेल्वेचा हिरवा रंग’ एवढेच लिहिले आहे, आणि समोरचा वकील म्हणेल की रंग हिरवा आहेच, मूळचा आहे असे आम्ही कुठे म्हटले? हा युक्तिवाद ऐकायला चीड आणणारा असला तरी टाकाऊ नाही.

त्याला उत्तर कॅटलॉगातच असण्याची शक्यता आहे. आज संध्याकाळी चहा घेऊन बसा आणि त्या दिवशीच्या विक्रीतले सगळे लॉट (बोलीला ठेवलेल्या वस्तू) वाचून काढा. मिडलँड्सच काय, इंग्लंडभरच्या अशा कॅटलॉगांत ‘पुन्हा रंगवलेले’, ‘खोका नक्कल’ हे शब्द जागोजाग येतात. तुमच्या लिलावातही इतर लॉटांपुढे ते शब्द असतील आणि तुमच्या लॉटपुढे नसतील, तर वाचणारा त्याचा अर्थ ‘हे रंगवलेले नाही’ असाच घेणार. जिथे दोष सांगण्याची रीत आहे तिथे न सांगणे हेही बोलणेच असते. त्या पानांचे स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवा. लिलावगृहे जुने कॅटलॉग सहसा काढून टाकत नाहीत, पण दुरुस्त करायला कुणाचा हात धरता येत नाही.

यावर तुमचा ईमेल आहेच. ‘वाटतो’ म्हणजे मत, विधान नव्हे, असे ते म्हणतील, आणि त्यांच्या अटींत ‘सर्व वर्णने ही केवळ मते आहेत’ असे वाक्यही सापडेल. पण जाणकार म्हणून दुकान थाटलेल्या माणसाने नवख्याला मत दिले, तर त्यामागे काहीतरी आधार आहे असे त्या मतातच गृहीत असते. हॉर्नबी डब्लोचे हे टँक इंजिन लिव्हरपूलच्या मेकॅनो कारखान्याने चार रेल्वे कंपन्यांच्या रंगांत काढले, आणि सदर्नच्या हिरव्याला एलएमएसच्या काळ्यापेक्षा चांगला भाव येतो. त्यामुळे काळ्याचे हिरवे करण्याचा मोह जुना आहे. खेळगाड्यांचा लिलाव करणाऱ्याला हे माहीत नसेल असे म्हणणे अवघड, आणि खात्री करायला फक्त एक स्क्रू काढायचा होता.

आणि गंमत बघा. घरून बोली लावल्याने ‘ग्राहक’ म्हणून तुम्हाला काही मिळाले नाही, पण इथे त्याचाच फायदा होतो. वर्णनाच्या आधारावर दावा करायचा तर खरेदीदाराने त्या वर्णनावर विसंबून घेतले हे दिसावे लागते. इंग्लंडच्या अपील न्यायालयात एकदा एक चित्र गाजले, गॅब्रिएले म्युंटर या जर्मन चित्रकर्तीचे म्हणून ६,००० पौंडांना विकलेले. ते नकली निघाले आणि तरीही खरेदीदार हरला. कारण घेणारा स्वतः जर्मन चित्रांचा व्यापारी होता आणि विकणाऱ्याने आधीच सांगितले होते की मला यातले कळत नाही. तुमच्या बाबतीत गोष्ट नेमकी उलटी आहे. नवखे तुम्ही, जाणकार ते. तुम्ही वस्तू हातात घेतली नाही, कॅटलॉग वाचला, फोटो पाहिले आणि वर विचारूनही घेतले. पाण्यातल्या म्हशीचे मोल तुम्ही केलेत हे खरे, पण म्हैस कशी आहे ते काठावरून त्यांनीच सांगितले होते.

‘आहे तसे’ या दोन शब्दांचे काय? पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी हे शब्द चालतात, इंग्लंडच्या न्यायालयात तेवढे सहज चालत नाहीत. वर्णनाची जबाबदारी झटकणारी अट १९७७ च्या अन्यायकारक करार-अटींच्या कायद्याखाली वाजवी असावी लागते, आणि ही कसोटी खासगी विक्रेत्यालाही लागते. विकणारा व्यापारी निघाला तर २०१५ च्या कायद्याचा अन्यायकारक अटींचा भाग तुमच्यासाठी पुन्हा उघडतो, कारण लिलावाचा तो अपवाद त्या भागाला लागू नाही. ‘आहे तसे’चा वाजवी अर्थ असा की ओरखडे, गंज, बंद मोटर, हे तुमच्या माथी. मुळात वेगळीच वस्तू देणे त्यात बसत नाही.

अटींत ‘जाणूनबुजून केलेली नक्कल’ अशा नावाचे एखादे कलमही असेल. अशी वस्तू ठरावीक दिवसांत परत केली तर बऱ्याच ठिकाणी पैसे मिळतात. खोका त्यात बसवता येईल. इंजिनाबाबत मला शंका आहे, कारण स्वतःच्या हौसेसाठी रंगवणारे लोकही असतात आणि त्यांचा हेतू फसवण्याचा नसतो. आणि तिथली मुदत सात आठवड्यांत बहुधा संपलीही असेल. पत्रात उल्लेख करा, पण सगळा भार त्यावर टाकू नका.

आता मॅग्नेट. हे तुम्ही केले नसते तर मला बरे वाटले असते. वर्णन चुकले की माल नाकारून पूर्ण पैसे मागता येतात, पण मालकासारखे वागून वस्तूत काही फेरफार केला किंवा वाजवी काळापेक्षा जास्त ठेवून घेतली, तर नाकारण्याचा हक्क जातो. मॅग्नेट चुंबकित करणे हा फेरफार आहे का? काही काढले नाही, काही बदलले नाही, उलट इंजिन सुधारले, असा युक्तिवाद मी करीन, पण जिंकण्याची खात्री देणार नाही. सात आठवडे मात्र मला फार वाटत नाहीत, कारण दोष स्क्रूखाली लपलेला होता. पण यापुढे एकेक आठवडा महाग आहे. १९४४ मध्ये एका माणसाने जॉन कॉन्स्टेबल या इंग्रज चित्रकाराचे म्हणून सॉल्झबरी कॅथेड्रलचे चित्र ८५ पौंडांना घेतले. पाच वर्षांनी विकायला नेले तेव्हा कळले की ते कॉन्स्टेबलचे नाही. १९५० मध्ये न्यायालयाने सांगितले, परत करायला फार उशीर झाला. चित्र त्याच्याच घरी राहिले.

परतीचा हक्क गेला असे धरले तरी नुकसानभरपाई उरते आणि तिची मुदत सहा वर्षांची आहे. ती मोजायची अशी: वर्णनाबरहुकूम इंजिनाची किंमत आणि हातात आलेल्याची किंमत यांतला फरक. ४२० वजा ६५ म्हणजे ३५५ पौंड, आणि त्या प्रमाणात भरलेले कमिशन. म्हणून पत्रात दोन्ही मागा. पहिली मागणी माल परत घेऊन ५८५ पौंड देण्याची, ते अमान्य असेल तर दुसरी भरपाईची.

मागायचे कुणाकडे, हे सगळ्यात चिकट. लिलावगृह स्वतःला विक्रेत्याचे एजंट म्हणवते, म्हणजे करार तुमचा आणि विक्रेत्याचा, ज्याचे नाव तुम्हाला माहीत नाही. पत्र लिलावगृहालाच लिहा आणि त्यात तीन प्रश्न घाला: विक्रेता कोण, तो व्यापारी आहे की खासगी, आणि विक्रीचे पैसे त्याला दिले गेले आहेत का. पैसे अजून त्यांच्याकडे असतील तर तडजोड फार सोपी होते. ‘नाव देत नसाल तर दावा तुमच्यावरच दाखल करावा लागेल’, हेही सभ्य शब्दांत लिहा. मला आलेल्या अशा प्रकरणांत बरीच याच वाक्याला मिटली.

समोरच्या बोलीदाराची शंका सोडून द्या असे मी सुचवीन. विक्रेत्याच्या वतीने बोली लावण्याचा हक्क आधी जाहीर केलेला असेल तर कायदा त्याला परवानगी देतो, आणि राखीव किमतीपर्यंत (जिच्याखाली वस्तू विकायची नसते) लिलाव पुकारणाऱ्याने स्वतः बोली चढवणे ही रोजची गोष्ट आहे. अट छापलेली नसेल तर मुद्दा आहे, पण पुरावा तुमच्याकडे नाही, आणि कमकुवत आरोप चांगल्या आरोपाला खाली ओढतो.

पत्रासोबत स्क्रूखालच्या काळ्या रंगाचे आणि चमकणाऱ्या खोक्याचे फोटो, ईमेल, बिल, आणि जाणकाराचे सहीचे चार ओळींचे मत जोडा. ते तुमचे मित्र असतील तर क्लबबाहेरचा एखादा माणूस बघा. उत्तराला १४ दिवस द्या. नाही आले तर काउंटी कोर्टाचा लहान दाव्यांचा मार्ग आहे. तो १०,००० पौंडांपर्यंत चालतो आणि हरलात तरी समोरच्याच्या वकिलाची फी सहसा अंगावर येत नाही. मे २०२४ पासून अशा दाव्यांत आधी फोनवरची विनामूल्य मध्यस्थी सक्तीची आहे. तासाभरात ३००-३५० पौंडांवर कुणी आले तर, तुमच्या जागी मी असते तर घेतले असते. (हे सगळे इंग्लंड-वेल्सचे. स्कॉटलंडमधून घेतले असते तर कोर्टही वेगळे आणि मुदतही.)

या सगळ्यात एक गोष्ट करू नका. आतला काळा रंग नीट दिसावा म्हणून हिरवा खरवडू नका, थिनरचा बोळाही लावू नका. स्क्रू परत बसवा, इंजिन खोक्यात ठेवा, आणि निकाल लागेपर्यंत रुळावर चढवू नका.